पुलावरचे पातळ सदरे

"साहेब, ह्यांचे कोट काढावे लागतील," बटणबाईंनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर ढकलत सांगितलं.

टेबलावर कथलाचे दोनशे चाळीस सैनिक उभे होते. अंगठ्याएवढे, अजून रंग न लागलेले, सगळे एकदमच तापातून उठल्यासारखे करडे. संग्रहालयात पुलाच्या लढाईचा देखावा मांडायचा होता. प्रत्येकाच्या अंगात गुडघ्यापर्यंत जाड कोट होता, साच्यातूनच आलेला.

"काढायचे? खुंटीला टांगायचेत का?" साहेब हसले. वयाने तरुण, नोकरीत नवे आणि नियमपुस्तक पाठ केलेले. "हे बघा, गणवेशाच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. लढाईच्या दोन महिने आधी गरम कोट मंजूर झाले."

"ती हुकमाची तारीख. माल पोचल्याची नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

बटणबाईंनी एक सैनिक उचलून भिंगाखाली धरला. कोपऱ्यात देखाव्यातला पूल घासत बसलेल्या सुतारकाकांनाच राहवलं नाही. "साहेब, नादी लागू नका हिच्या. मागे एका कॉलरच्या पट्टीपायी हिनं साठ घोडेस्वार धुऊन परत रंगवले. म्हटलं, बाई, घोड्यांची तरी दया कर!"

खोटं नव्हतं. सैनिकाच्या छातीवर बटणं सात की आठ, यावरून ही बाई जेवायची विसरायची. सगळ्या संग्रहालयाने मिळून तिचं बारसं केलं होतं ते उगाच नाही.

ती उठली. पांढऱ्या रंगाच्या डब्यांमागे हात घालून तिने कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि साहेबांपुढे उलगडलं. खाकी सदरा. इतका पातळ, की खालची टेबलाची रेघ दिसत होती. खिशात अर्धवट लिहिलेलं एक कार्ड. "कोट येणार येणार म्हणतात, अजून एकाचाही पत्ता नाही. सगळी तुकडी उन्हाळी सदऱ्यातच कुडकुडतेय. आईला सांगू नकोस." वर तारीख, लढाईच्या चार दिवस आधीची.

"माझा धाकटा भाऊ. ह्याच पुलावर गेला," ती म्हणाली. रंगाच्या डब्यावरचा आकडा वाचावा, तशी.

साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. सुतारकाकांचा पॉलिशकागद थांबला.

"आईला माहीत नाही," ती म्हणाली. "बातमी घेऊन आलेल्या माणसाला आईनं एकच विचारलं होतं, अंगात गरम काय होतं त्याच्या? तो म्हणाला, सगळ्यांना नवे जाड कोट मिळालेत, माई. महिन्याने हे पार्सल आलं. आई आंघोळीला गेली होती. मी लपवलं."

त्याला पस्तीस वर्षं झाली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

"मग राहू द्या ना कोट," साहेब हळूच म्हणाले. "पुस्तकाप्रमाणे केलं तर कोण बोट ठेवणार आहे?"

"कोणी नाही," ती म्हणाली आणि कानस शोधायला लागली.

रंग नंतर. आधी कोट उतरवायचे. एकेक सैनिक लाकडी चिमट्यात धरायचा, गुडघ्यापासून कंबरेपर्यंत कोटाचा घेर घासून काढायचा, फुगलेल्या बाह्या बारीक करायच्या, वर काढलेली कॉलर खाली बसवायची. दिवसाला बारा व्हायचे. कथलाचा भुगा बोटांवर बसायचा आणि बोटं त्यांच्यासारखीच करडी व्हायची. पहिल्याच्या वेळी काहीतरी होईल, असं तिला वाटलं होतं. काही झालं नाही. बाराव्यालाही नाही. तिने फक्त भुगा फुंकून टाकला.

घरी आई दाराशीच बसलेली असायची. एक्याऐंशी वर्षांची, डोळ्यांना आता नुसते आकार दिसायचे, पण कान असे की चपलेवरून ओळखायची कोण आलं ते.

"आलीस? आज किती जणांना कोट घातले?"

"बारा."

"सावकाश करतेस हो. थंडीत वाट बघत उभी आहेत बिचारी पोरं!" आणि स्वतःच्या विनोदावर आई खुदकन हसायची. "उद्घाटनाला मला न्यायचं हं. त्याचा तो कोट एकदा बघायचाय मला."

"तुला दिसणार काय आई, काचेतून?"

"मला नाही दिसणार. तू सांगशील की. रंगाच्या बाबतीत तू कधी खोटं बोलायची नाहीस."

वीस दिवस हेच. बारा. बारा. बारा. मग रंग. रंगाच्या शेवटच्या दिवशी हातात एक सैनिक उरला. त्याचा सदरा खाकी झाला, पट्टा झाला, बटणं झाली. वरच्या बटणाशी तिचा कुंचला थांबला. नियम म्हणतो, बटण गळ्यापर्यंत बंद. तिने तिथे चामडीच्या रंगाचा एक ठिपका दिला आणि सैनिक पुलाच्या कडेला चिकटवून टाकला.

उद्घाटनाला बरीच गर्दी होती. साहेबांनी पाटी स्वतः लिहून लावली होती. मंजूर झालेले गरम कोट या तुकडीपर्यंत पोचले नव्हते. लोक वाचत होते, चुकचुकत होते आणि पुढच्या दालनात जात होते. गर्दी ओसरल्यावर ती आईला हाताला धरून देखाव्याच्या काचपेटीपाशी घेऊन आली. लांब उभ्या असलेल्या सुतारकाकांनी खाली मान घातली.

आईने नाक काचेला लावलं. काचेवर वाफ धरली.

"सांग ना. कोट आहेत ना अंगात?"

"हो."

"जाड?"

"जाड. गुडघ्यापर्यंत."

"रंग?"

"गडद निळा. आतून लोकर."

"अस्सं." आईने काचेवरची वाफ तळव्याने पुसली. मग म्हणाली, "आणि आपला? वरचं बटण लावलंय का त्यानं? घसा धरेल म्हणून मी ओरडून ओरडून दमायची, कधी लावायचा नाही मेला."

ती पुलाच्या कडेकडे बघत राहिली.

"नाही लावलेलं," ती म्हणाली. "उघडंच आहे."

"बघ! शेवटपर्यंत ऐकलं नाही." आई काचेपासून मागे सरली. तिने चाचपडत लेकीचा खांदा शोधला, खांद्यावरून गळ्यापाशी आली आणि स्वेटरचं वरचं बटण लावून टाकलं.

बटण गळ्याशी घट्ट बसलं. घरी पोचेपर्यंत तिने ते काढलं नाही.