नाकाला लावलेला रुमाल

पालकसभेला निम्मे पालक येत नाहीत, ही आपल्याकडच्या सगळ्याच शाळांची रड. रत्नागिरीच्या बंदराजवळच्या या शाळेतही वेगळं काही नव्हतं. पण शाळा समितीच्या अध्यक्ष मनिषाताई यंदा भलत्याच तापल्या होत्या.

"हे नेपाळी लोक मुलं शाळेत ढकलतात नि मोकळे होतात! आईबाप सभेला येत नसतील, तर त्यांच्या मुलांना शिष्यवृत्तीच्या जादा तासाला घ्यायचंच नाही. काढा त्या सृजनाचं नाव."

सृजना वर्गात पहिली येणारी. बाप बोटीवर खलाशी, आई विष्णुमाया कोळंबी सोलायला शेडमध्ये. वर्गशिक्षिका योगिनीबाई यादीतलं नाव खोडणार, एवढ्यात विष्णुमायाच धापा टाकत दारात आली. डोक्यावर प्लास्टिकची टोपी तशीच, साडी गुडघ्यापर्यंत ओली.

मनिषाताईंनी रुमाल नाकाला लावला. "शी! काय हा वास! बाहेरच थांबा तुम्ही."

विष्णुमाया दाराबाहेर सरकली, पण गेली नाही. "मॅडम, सृजनाचं नाव नका काढू. पुढच्या वेळी आंघोळ करून येते मी."

दोघंतिघं हसले. किळस यावी असलं हसणं!

समितीतले निवृत्त मास्तर आप्पा उठले. "याआधी का नाय आलीस गो बाय?"

"सुट्टी मागते, आप्पा. केतनशेठ बोलतात, माल पडलाय, गेलीस तर उद्या येऊ नको. आज न विचारता आले."

केतनशेठ म्हणजे शेडचे मालक, मनिषाताईंचे यजमान.

"ऐकलंस, मनिषा?" आप्पांचा आवाज चढला. "तिला सोडायचं नाय तुम्हीच, नि आली नाय म्हणून पोरीला शिक्षा करायची तीपण तुम्हीच! अगो, ज्या कोळंबीवर तुझं घर चाललंय, तिचा वास तुला सोसत नाय?"

मनिषाताईंची नजर विष्णुमायाच्या हातांवर गेली. बर्फाने बोटं पांढरी पडून चिरली होती. रुमाल खाली आला. शिसारी अजून होती, पण आता स्वतःचीच!

त्यांनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "सभेच्या दिवशी आईबापांना भरपगारी सुट्टी द्यायची. आणि विष्णुमायाला कामावरून काढलंत, तर शेडच्या दारात मी बसेन!" मग शेजारची खुर्ची ओढून म्हणाल्या, "या, इथे बसा."

योगिनीबाईंनी सृजनाचं नाव तसंच ठेवलं. सभा संपेपर्यंत खोलीत कोळंबीचा वास होता, नाकाला रुमाल मात्र कुणी लावला नाही.

मंडळी, परमुलखातून आलेले आईबाप शाळेत दिसत नाहीत म्हणून नाकं मुरडण्याआधी एवढं बघा, त्यांना कामावर अडवून ठेवणारे आपणच तर नाही ना!