बटन सोडल्यावर

मित्रांनो, मी एक जुना, घरी बनवलेला मिक्सर आहे. चटणी वाटणारा नव्हे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे आवाज निरनिराळ्या माइकमधून माझ्यात येतात आणि कुणाचा किती मोठा ठेवायचा, ते माझ्या सरकत्या खुंट्यांवर ठरतं. तेतुआन शहराच्या जुन्या वस्तीत, एका गच्चीवरच्या खोलीत माझं बिऱ्हाड आहे. माझं कौतुक पुष्कळ झालं. तरी स्वतःविषयी बोलायची वेळ आली की मला आधी आठवते ती माझी लाज.

मला शामाने घडवलं. ती तंत्रशाळेत शिकवायची आणि तिचा नवरा नौफल गायचा. दुसऱ्याने बनवलेलं यंत्र वापरायचं नाही, असा तिचा हट्टच होता. माझा आराखडा तिने कितीदा काढला आणि खोडला. मोहल्ल्याच्या भट्टीत ईदची बिस्किटं भाजायचा काळा पत्रा माझं अंग झाला आणि बाजूंना देवदाराच्या फळ्या लागल्या. सुरुवातीला मी तापलो की खोलीभर बडीशेपेचा वास सुटायचा. एका तारेतला आवाज दुसरीत झिरपू नये म्हणून प्रत्येक तार तिने जाळीदार वेष्टणात घालून, अंतर राखून बसवली.

घाई झाली ती एकाच ठिकाणी. आतल्या खोलीत वाजवणाऱ्याशी बाहेरून बोलता यावं म्हणून माझ्या माथ्यावर एक छोटा माइक होता. बटन दाबलं की शामाचं बोलणं त्याच्या हेडफोनमध्ये जायचं, आणि सोडलं की बंद व्हायला हवं होतं. पण ती तार तिने वेष्टणाशिवायच हेडफोनच्या तारेला खेटून नेली.

"बटन सोडलं तरी तू बारीक ऐकू येतेस," नौफल म्हणाला होता.

"एवढं कोण ऐकायला बसलंय? करीन कधीतरी," शामा म्हणाली, आणि तिने माझं झाकण लावलं.

मित्रांनो, ते 'कधीतरी' तसंच राहिलं. संगीत चालू असताना ती कुजबुज बुडून जायची. गावातले वादक यायचे, माझ्यावरून हात फिरवायचे, "हे घरी केलंस?" म्हणून डोळे विस्फारायचे. मीही फुगलो होतो.

मग सी मुफद्दल आले; 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्री'. ते रबाब वाजवायचे, आमच्याकडचा, गजाने वाजवायचा. शामाच्या वडिलांच्या लग्नातही त्यांनीच वाजवलं होतं. आता वय झालं होतं आणि कानही मंदावले होते. आतल्या खोलीत बसून, नौफलचं आधीच मुद्रित केलेलं गाणं हेडफोनमध्ये ऐकत त्यांनी साथ करायची होती. "पोरी, आवाज पूर्ण वाढव. तुझा नवरा माझ्या कानात डास गुणगुणल्यासारखा गातोय," ते म्हणाले. शामाने हसत त्यांच्या हेडफोनचा आवाज शेवटापर्यंत नेला.

त्यांनी वाजवलं. लांब सुरावर गज थरथरला. शामाने बटन दाबून सांगितलं, "फार सुंदर, सी मुफद्दल. आणखी एकदा घेऊया." आणि बटन सोडलं.

मग ती नौफलकडे वळली. "हात गेलाय रे त्यांचा."

"मग काय करायचं?"

"वाजवू दे, खूश होतील. नंतर त्या तरुण रबाबवाल्या इद्रीसकडून वाजवून घेऊ आणि नाव यांचंच ठेवू. त्यांना कुठे कळतंय? ऐकूही येत नाही धड."

आत शांतता होती. त्या शांततेत तिचा एकेक शब्द माझ्यातून झिरपून त्यांच्या कानात गेला. माझी एखादी तार तेव्हा जळून जाती तर बरं झालं असतं. पण मी अगदी नीट चालू होतो.

सी मुफद्दल उठून गेले नाहीत. त्यांनी पूर्ण रचना पुन्हा वाजवली, गज पुसला, रबाब पिशवीत घातला, बाहेर येऊन पुदिन्याचा चहाही घेतला. दारात जोडे घालताना म्हणाले, "शामा, तुझ्या यंत्राची एक खिडकी उघडी राहिलीय बघ."

ते गेल्यावर ती आत जाऊन बसली. त्यांचे हेडफोन कानाला लावले आणि नौफलला म्हणाली, "बटनाला हात न लावता काहीतरी बोल."

नौफल सहज म्हणाला, "काय बोलू?"

शामाने हेडफोन काढले आणि तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. परत आल्यावर नौफलने विचारलं, "रागावले का?"

"रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, हात थरथरतो हे मला ठाऊक आहे. तोंडावर सांगतीस तर तो सूर मीच आखूड घेतला असता. म्हणाले, तू मला वाजवायला बोलावलंस की माझी समजूत काढायला?" ती माझ्यासमोर बसली. "ते सगळं पुसून टाकायला सांगितलंय. आणि इद्रीसच्या वाजवण्याला इद्रीसचंच नाव द्यायचं."

तिने ते पुसलं. मग माझं झाकण उघडून ती तार कापली आणि नवी तार वेष्टणात घालून, लांबून फिरवून नेली. काम अर्ध्या दुपारचं होतं.

काही महिन्यांनी सी मुफद्दल आपणहून आले, रबाब न घेता. "दुरुस्त केलंस म्हणे. आत जाऊन बस, आवाज पूर्ण वाढव," ते म्हणाले आणि माझ्यासमोर बसले. बटनाला हात न लावता ते माझ्या माइकशी वाकले आणि शामाबद्दल हळूच काहीतरी बोलले. ते कडू होतं. इतके दिवस कुणापाशीच काढलं नसावं. ते माझ्यात आलं आणि माझ्यातच थांबलं.

मग त्यांनी बटन दाबलं. "काही ऐकू आलं?"

"नाही, सी मुफद्दल."

"बरं झालं. ये बाहेर, चहा टाक."

मित्रांनो, घरातल्या यंत्रांची झाकणं अधूनमधून उघडून बघत जा. आणि ज्याला तोंडावर सांगता येत नसेल, त्याच्याबद्दल पाठीमागे बोलण्याआधी क्षणभर थांबा. सी मुफद्दल त्या दिवशी काय बोलले, ते शामाने मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.