चाचणीत पास

शाळेत असताना मालिनीने कधी कुणाला आपला पेपर दाखवला नाही. दाखवला तो साठी ओलांडल्यावर, स्वतःच्या नवऱ्याला, आणि तोही कानाच्या दवाखान्यात.

तिचा नवरा ढुंढिराजगुरुजी म्हणजे पंचवटीतले तीर्थोपाध्याय. रामकुंडावर यजमानांचे विधी सांगायचे, हे घराण्यात चालत आलेलं काम. गुरुजींचे दोन्ही कान दहा वर्षांपासून हळूहळू मंद होत गेले होते, डावा जरा जास्तच. पण यजमानांना त्याचा पत्ता नव्हता, कारण घरात एक सोय होती. यजमान समोर बसून नाव, गाव, गोत्र सांगायचे, आणि त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मालिनी तेच शब्द नुसत्या ओठांनी सांगायची. गुरुजी तिच्याकडे पाहून वहीत लिहायचे. सुनेने एकदा हे पाहिलं आणि हसली, तर मालिनी तिच्याशी आठवडाभर नीट बोलली नाही.

घाटावर मात्र दार नव्हतं. निफाडचे कारभारी धाकट्या भावाच्या दहाव्याला आले होते. गुरुजींना नाव ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून त्यांनी वहीत पाहून संकल्प सांगितला. वहीत थोरल्याचं नाव वर होतं. मृताच्या जागी आपलं नाव ऐकून कारभारी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी हाय अजून." माणसं मोठ्या मनाची होती, त्यांनी हसण्यावारी नेलं. गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत.

मग मुलगा श्रेयसने मनावर घेतलं. तो इंदिरानगरला राहतो, कंपनीत साहेब आहे, त्याला सगळं झटपट लागतं. कुंभमेळ्याच्या आत बाबांचे कान बरे झाले पाहिजेत, असं ठरवून त्याने एका दवाखान्यात शनिवारची वेळ घेतली.

तपासणीच्या काचेच्या खोलीत गुरुजी एकटे बसले. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. पहिला भाग संपला तेव्हा ते घामाघूम झाले होते. बाहेर येऊन म्हणाले, नापास झालो. तपासणारी सई पंचविशीची, बाहेर गर्दी ताटकळलेली. आता दुसरा भाग, कानामागच्या हाडावर यंत्र लावून, असं ती म्हणाली. आणि काका घाबरलेत म्हणून काकूंना आपल्या शेजारी, काचेच्या अलीकडे बसवून घेतलं. बसवायला नको होतं. तिथे दुसऱ्या कुणी बसू नये, असं भिंतीवर लिहिलेलंही होतं.

सईने आवाज सोडला की तिच्यासमोरच्या यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. मालिनीला तो दिसत होता, आणि काचेपलीकडून गुरुजींना मालिनी दिसत होती. सई मान खाली घालून कागदावर खुणा करत होती. दिवा लागला की मालिनी पापण्या मिटायची, गुरुजी बटण दाबायचे. कुणी ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, ती दोघांच्याही नकळत कामाला लागली. शेवटी सई कौतुकाने म्हणाली, आता कसं छान लक्ष दिलंत काका. मालिनीला इतका आनंद झाला की तिने खाली उतरून पेढे घेतले.

सर्जनने आलेख पाहिला. हवेतून ऐकू येत नाही पण हाडातून येतं, म्हणजे नस शाबूत आहे, आतलं बारीक हाड तेवढं घट्ट झालंय, ऑपरेशनने मोकळं होईल, असं त्याने सांगितलं. पुन्हा तपासावं, घणघणणारा साधा लोखंडी चिमटा कानामागे टेकवून पाहावा, शब्द ऐकवून पाहावेत, हे त्याला सुचलं नाही. सुचलं असेल तर वेळ नव्हता. मालिनीला हे सगळं त्या दिवशी कुठून कळणार? तिला वाटलं, देव पावला.

डाव्या कानाच्या ऑपरेशननंतर त्या कानात होतं नव्हतं तेही गेलं. शिवाय चक्कर आली ती कायमची मुक्कामाला राहिली. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर उभं राहणं संपलं, म्हणजे कामच संपलं.

तीन महिन्यांनी श्रेयसने त्यांना दुसरीकडे नेलं. तिथे गुरुजींची खुर्ची काचेकडे पाठ करून ठेवली आणि मालिनीला बाहेर बसवलं. तासाभराने सगळ्यांना आत बोलावून डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी मांडले. दोष दोन्ही कानांत नसेचाच होता. ऑपरेशनची गरजच नव्हती, कानाला ऐकायचं मशीन लावून आणखी दहा वर्षं निघाली असती. जुन्या आलेखावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ही हाडावरची तपासणी कुणी केली होती?

मालिनीला तो हिरवा दिवा आठवला.

गाडीत ती पुढे बसली, गुरुजी मागे. द्वारका चौकातल्या सिग्नलला तिने सगळं सांगून टाकलं. "श्रेयस, त्या मुलीचं काही चुकलं नाही. मीच त्यांना खुणा करत होते."

श्रेयसने आरशातून मागे बाबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई, हे पुन्हा बोलू नकोस. त्या दवाखान्याविरुद्धची तक्रार लिहून तयार आहे माझी."

मागून गुरुजींनी तिच्या खांद्याला बोट लावलं. काय म्हणाल्या डॉक्टर, असं त्यांनी विचारलं. मालिनी वळली. ते नेहमीसारखे तिच्या ओठांकडे पाहत होते, भाविकासारखे. आजवर तिने त्या ओठांनी त्यांना एकही शब्द खोटा सांगितला नव्हता.

त्या मुलीने तपासताना चूक केली, असं ती ओठांनी म्हणाली.

गुरुजींनी मान हलवली. हल्ली ते फार मोठ्याने बोलत, स्वतःलाच ऐकू येत नसे म्हणून. "जाऊ द्या. लेकरू आहे ते. तिच्या पोटावर पाय आणू नका."

सोमवारी श्रेयस तक्रारीचा कागद घेऊन आला. तपासणीत चूक सईची, असं त्यात आता लिहिलेलं होतं. पहिल्या तपासणीच्या वेळी सईखेरीज काचेअलीकडे हजर असलेली मालिनी एकटीच, तेव्हा साक्षीदार म्हणून सही तिचीच हवी होती. गुरुजी आत झोपले होते. मालिनीने चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.