लॅपटॉपचा प्रसाद

माझ्या लॅपटॉपवर एखाद्या घराचा प्लॅन उघडेपर्यंत चहा व्हायचा, आणि तो पिऊनही व्हायचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घेतलेला तो. बिजागरी सुटलेली, चार्जर काढला की लगेच मान टाकणारा. त्यावर मी सर्वण गावातल्या आमच्या घरी बसून म्हापशाच्या कृष्णनाथ सरांसाठी घरांचे प्लॅन काढायची. सर आर्किटेक्ट, मी ड्राफ्ट्समन. बाईलाही ड्राफ्ट्समनच म्हणतात, त्याचं मला काही वाटत नाही.

एका मार्चमध्ये सरांचा फोन आला. चोपड्याला नदीकाठी हॉटेल व्हायचं होतं. त्याची सगळी ड्रॉइंग्ज माझ्याकडे द्यायची त्यांची तयारी होती, आणि त्यांवर माझं नावही येणार होतं. कच्चा नकाशाही त्यांनी पाठवून दिला.

"पण संजना, तुझ्या त्या डब्यावर हे चालायचं नाही. नवीन मशीन घेणार असशील तर रविवारपर्यंत सांग."

पैसे माझे मी साठवलेले होते. डिचोलीच्या दुकानात जाऊन मॉडेलही बघून आले. जुना बदलून देता येईल का विचारलं, तेव्हा दुकानदाराच्या चेहऱ्यावरची दया मला बघवली नाही.

अडलं ते मामांपाशी. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. रघुनाथमामांचा एक ट्रक खाणीवर चालायचा. एका कंत्राटदाराच्या शब्दावर त्यांनी दुसरा, कोरा करकरीत घेतला, आणि वर्ष भरायच्या आत खाणी बंद पडल्या. तो ट्रक अंगणात उभ्या उभ्या गंजला. देवीला विचारलं नाही म्हणून घात झाला, अशी मामांची पक्की समजूत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मामा तर पाणीसुद्धा देवीला विचारून पितील. तेव्हापासून घरात फ्रिज आला तो देवीचा प्रसाद, म्हणजे कौल, घेऊन, आणि गौरेशची बायको म्हणून मीही आले ती प्रसाद घेऊनच.

"एका मनशाच्या शब्दार नवें मशीन घेतलें की कितें जाता, तें हांवें पळयलां," अंगणातल्या ट्रककडे बोट दाखवत मामा म्हणाले. "देवीक विचारुया."

मी गौरेशकडे बघितलं.

"विचारूं दी गो. देवी कित्याक ना म्हणटली?" म्हणत नवरा निर्धास्तपणे कंपनीच्या बससाठी धावला.

तिथेच मी तोंड उघडायला हवं होतं. विचारण्याआधी वाद घालता येतो. देवीने उत्तर दिलं की त्या घरात राहून त्याविरुद्ध जाता येत नाही.

शनिवारी मामा नारळ घेऊन देवळात गेले. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, भटजी गाऱ्हाणं घालतात, आणि मग पाकळी पडायची वाट बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी स्वयंपाक करत होते, लक्ष सगळं फाटकाकडे. मामा आले, पाय धुतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावो पडलो, बाय."

मी सरांना नकार कळवला. घरी अडचण आहे, असं काहीबाही सांगितलं. देवीने नाही म्हटलं, हे म्हापशाच्या ऑफिसात कुठल्या तोंडाने सांगणार? हॉटेल दुसऱ्या एका मुलीला गेलं, आणि हळूहळू माझी बाकीची कामंही तिच्याकडे गेली. मला फार वाईट वाटलं. पण देवीवर रुसून जाणार कुठे?

दोन वर्षांनी मामा आणि मी त्यांच्या बहिणीला बघायला चोपड्याला निघालो. गौरेशची कंपनीत शिफ्ट होती, म्हणून गाडी मी चालवत होते. नदीच्या वळणावर ते हॉटेल उभं होतं, रंगकाम चाललेलं. मी गाडी थांबवली. जिना त्यांनी नदीच्या बाजूला घेतला होता, आणि दोन्ही मजल्यांवरच्या खोल्यांतून दिसणारं नदीचं पाणी त्या जिन्याने अडवलं होतं. मी तो मागे घेतला असता. कच्चा नकाशा बघितला त्याच दिवशी मनातल्या मनात मी तो मागे नेलाही होता.

"हेंच तें?" मामांनी विचारलं.

"हय, मामा."

ते काच खाली करून बघू लागले. मग म्हणाले, "पयलो प्रसाद उजवो पडिल्लो."

"मागीर?"

"मन मानलें ना. दोळ्यांमुखार ट्रक दिसपाक लागलो. भटजीक म्हळें, परत एकदां विचार. दुसरे खेपे डावो पडलो."

देवीने एकदा उत्तर दिल्यावर पुन्हा विचारू नये, एवढं आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. संतापून हेच मी त्यांना सुनावणार होते. पण बाजूला तो म्हातारा माणूस रुमालाने डोळे पुसत बसलेला. आपलेच दात, आपलेच ओठ. मी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन डिचोलीच्या दुकानात गेले. कुणालाच न विचारता.

नवा लॅपटॉप डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उघडतो. त्यावर शेजारच्या ताराबाईंच्या गोठ्याचा प्लॅन आहे. तो पुरा होऊन आठवडा झाला, दुसरं काम नाही. मामा रोज सकाळी दारात येऊन विचारतात, "बरो चलता मगो, बाय?"

"बरो चलता, मामा," मी म्हणते, आणि ते बघताहेत म्हणून गोठाच पुन्हा उघडून बसते.