ओढायचं, ढकलायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. पण साधीसुधी नव्हे हं! दोन माणसांनी मिळून ओढायची, चांगली माणसाएवढी लांब करवत! माझ्या दोन्ही टोकांना लाकडी मूठ आहे. इकडचा ओढतो तेव्हा तिकडच्याने हात सैल सोडायचा, मग तिकडच्याने ओढायचं. ढकलायचं मात्र कुणीच नाही. ढकललं की माझं पातं वाकतं आणि काप तिरका जातो.

लोहाराने मला भट्टीत लालबुंद करून ठोकलं, माझे दाते घासले आणि मी दोन सुतार भावांच्या हाती आले. काय त्यांचा ताल होता म्हणून सांगू! खर्र खर्र आवाज आला की गल्लीतली मुलं भुशात लोळायला धावत यायची. "हात चार, पण जीव एक," असं लोक म्हणायचे आणि मी तर हवेतच असायचे!

मग एके दिवशी माशी शिंकली. मोठ्या दाराची फळी कापताना काप तिरका गेला, तोही गिऱ्हाइकासमोर.

"तू ढकललंस," थोरला म्हणाला.

"मी? तूच ढकललंस, दादा!"

अहो, कुणीच ढकललं नव्हतं! लाकडाच्या पोटात गाठ होती, तिला अडखळून मीच वळले होते. पण सांगणार कशी? मला तोंड कुठे आहे, नुसते दाते!

शब्दाने शब्द वाढला आणि सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं. एकाने गल्लीच्या या टोकाला दुकान मांडलं, दुसऱ्याने त्या टोकाला. मधोमध त्यांच्या आईची खोली होती. तिथे बाहेरच्या भिंतीवर मला टांगलं आणि मला गंज चढू लागला. गल्लीनेही बाजू वाटून घेतल्या. न्हावी थोरल्याचा, म्हणून धाकट्याच्या बाजूचा दूधवाला त्याच्याकडे दाढी करेना. नळावर दोन रांगा लागल्या. मुलं एकमेकांचा चेंडूसुद्धा परत देईनात. भांडण दोघांचं आणि धुसफुस साऱ्या गल्लीची! मला फार वाईट वाटायचं.

एका दुपारी वादळ सुटलं. आईच्या खोलीसमोरचं झाड कडकडत आडवं झालं, ते थेट तिच्या दारावर. आणि आई आत! दोन टोकांकडून दोघे भाऊ कुऱ्हाडी घेऊन धावले. पहिला घाव बसला मात्र, खोड हादरून भिंतीवर सरकलं आणि भिंतीला तडा गेला.

"थांबा रे!" आई आतून ओरडली. "मला काढताय की गाडताय?"

कुऱ्हाड चालणार नव्हती. खोड न हलवता, हळूच कापायला हवं होतं. दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगात वीज सळसळली! धाकट्याने मला खाली काढलं, एक मूठ स्वतः धरली आणि दुसरी भावासमोर केली. थोरला क्षणभर घुटमळला. मग त्याने ती धरली.

गंजामुळे मी आधी कुरकुरले, पण मग दाते रुतले. खर्र! खर्र! निम्मं खोड कापून झालं आणि थोरल्याचा हात मंदावला. बघणाऱ्यांना कळलं नाही, पण माझ्यातून ते पलीकडच्या मुठीत पोचलंच. धाकट्याने लगेच वेग कमी केला.

"दमानं घे, दादा. खांदा दुखतोय ना?"

थोरल्याचे डोळे भरून आले. "त्या दिवशी मीच ढकललं असेल रे."

"छे, मीच असेन."

"मी सांगतो ना, मीच!"

"आता यावरून भांडू नका मेल्यांनो, हात चालवा!" आतून आवाज आला आणि सगळी गल्ली खो खो हसली. गाठीची गोष्ट मी पोटातच ठेवली. आता ती हवी होती कुणाला?

धाडकन खोड सुटलं! दोन्हीकडची माणसं ओढायला धावली. एकाच फांदीला न्हावी आणि दूधवाला असे दोघे लागले. "काय रे, केवढी ही दाढी!" न्हावी म्हणाला. "मग कर की उद्या," दूधवाला म्हणाला. आई बाहेर आली, दोन्ही लेकांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि मग दोघांना घट्ट कवटाळलं.

इतक्यात बातमी आली की पलीकडच्या गल्लीतही झाड पडून रस्ता बंद झालाय. त्या गल्लीशी आमचं पाण्यावरून जुनं वाकडं होतं, म्हणून कुणीच पाऊल उचलेना. पण भावांनी मला खांद्यावर घेतलं आणि बघता बघता अख्खी गल्ली मागे निघाली! तिथला आडदांड गवंडी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"तुम्ही कशाला आलात?" तो गुरकावला.

थोरल्याने माझी एक मूठ त्याच्यापुढे केली.

"मला नाही येत हे," गवंडी जरा नरमून म्हणाला.

"सोपं आहे. आधी तू ओढ, मग मी ओढतो."

मित्रांनो, मला तेल लावा, कोरड्या जागी ठेवा, एवढं तर मी मागणारच. पण त्याआधी, ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे, त्याच्या घरी आजच जा. कोण चुकलं ते ठरेपर्यंत थांबू नका. आमची आई आत होती आणि ती भिंत काही भावांच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नव्हती.