कारण : अनोळखी व्यक्ती

माझ्या सुनेला मी कधीच आवडले नाही, आणि मलाही तिच्याबद्दल उमाळे दाटून आले असं काही झालं नाही. पण आमची भांडणं घरगुती होती. पंख्याचा वेग, भाजीतलं मीठ, ओला टॉवेल कुठे टाकायचा. त्यात इंटरनेट नव्हतं. ते आलं भिंगरीमुळे.

भिंगरी माझी नात. सहा वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिचे आईबाप दोघंही नोकरीवर जातात. शाळेची बस दुपारी आमच्या कोपऱ्यावर थांबते. तिला उतरवून घ्यायचं, हातपाय धुवायला लावायचे, दूध द्यायचं आणि संध्याकाळपर्यंत गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. काम कसलं, माझ्या दिवसात तेवढंच होतं. बाकीचा दिवस त्या बसची वाट बघण्यात जायचा.

गोष्टी कशा सांगायच्या हे मला कुणी शिकवू नये. उमेदीची सगळी वर्षं मी रेडिओ केंद्रावर चेटकीण होते. मुलांच्या कार्यक्रमातली. अजूनही डोळे मिटले की ती खोली दिसते. हत्तीच्या पायासारखं जड दार, आवाज पिऊन टाकणाऱ्या भिंती, दारावरचा लाल दिवा. तो लागला की खोकलासुद्धा गिळायचा. गोड गळ्याच्या बायका पुष्कळ होत्या. पऱ्या, राण्या, हरिणी सारख्या बदलत. चेटकीण मात्र मी एकटीच. माझं हसणं पोटातून निघायचं, वर वर चढत जायचं आणि टोकाला एकदम तुटायचं. निर्माते म्हणायचे, "बाई, तुम्ही हसलात की मला आमच्या सासूबाई आठवतात." पण गोष्टीच्या शेवटी चेटकीण हरायची. दर वेळी. स्वतःच्याच कढईत घसरून पडायची आणि गोष्टीतली मुलं टाळ्या पिटत घरी जायची. तो नियम मीच घालून घेतला होता. मुलाला घाबरवलं तर शेवटपर्यंत त्याचा हात सोडायचा नाही.

केंद्र बंद झालं, यजमान गेले, मी मुलाकडे राहायला आले. तेव्हा घरात जरा बरे दिवस होते. एका सुट्टीला मुलाने पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवला, मला समोर बसवलं आणि माझ्या गोष्टींचे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकले. चॅनेलचं नाव 'चेटकीणआजी'. बघणारे चारदोन टाळकी, पण त्यातलं एक टाळकं भिंगरीचं. ती कधीकधी मांडीवरच्या टॅबमधली आजी बघताना शेजारच्या खऱ्या आजीला 'शू' करायची.

आता सुनेविषयी. ती ज्या कंपनीत आहे तिथे आईबापांसाठी एक ॲप बनवतात. मुलाच्या टॅबवर ते बसवलं की आईबापांनी मंजूर केलेले चॅनेलच चालतात, बाकी सगळं बंद. आईबापांना एवढं बघायला सवड कुठली? म्हणून कंपनीची माणसं आधी चॅनेल तपासतात आणि मंजूर-नामंजूरची शिफारस करतात. त्या माणसांची मुख्य म्हणजे आमची सूनबाई. आम्ही घरात त्या ॲपला 'कुंपण' म्हणायचो.

हे कुंपण आमच्या घरात मात्र नव्हतं. मग एका रविवारी सूनबाई ऑफिसच्या फोनवर होती, मुलगा गाडी धूत होता आणि भिंगरी टॅब घेऊन बसली होती. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप लागत होता. लागता लागता एक गुलाबी ससा आला. त्याचे दात कुणीतरी पकडीने एकेक करून उपटत होतं आणि मागे गोड बाजा वाजत होता. भिंगरी रडली नाही. पण त्यानंतर ती दात घासायला तोंडच उघडेना. त्याच दिवशी सुनेने टॅबवर कुंपण घातलं.

"बरं केलंस," मी म्हणाले. "आधी केलं असतंस तर आणखी बरं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की भिंतीचा रंग उडावा. असो. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने माझ्या चित्रावर बोट ठेवलं. माझ्याऐवजी पडद्यावर एक राखाडी पंजा उगवला. खाली अक्षरं होती. भिंगरीने ती लावून लावून वाचली.

"ना-मं-जूर. का-रण. अ-नो-ळ-खी व्य-क्ती. आई-बा-बांना वि-चा-रा." मग तिने मान वर केली. "आजी, तू अनोळखी आहेस?"

संध्याकाळी सूनबाई चप्पल काढते न काढते तोच मी समोर उभी.

"मी अनोळखी काय गं?"

"आई, आत तरी येऊ द्या."

"तुझी डाळ मी शिजवते, तुझी पोर मी झोपवते, तुझ्या नवऱ्याला नऊ महिने मी पोटात वागवलं. आणि अनोळखी?"

"ते तुमच्याबद्दल नाहीये, चॅनेलबद्दल आहे. मोठं माणूस थेट मुलांशी बोलत असेल तर ते कारण लागतं."

"मग दुसरं कुणी बोलायचं मुलांशी? ससे?"

मुलगा मध्ये पडला. म्हणजे पडायला निघाला. "अगं आई, ती काय म्हणतेय…"

"तू गाडी धू," आम्ही दोघी एकदम म्हणालो. त्या वर्षात आमचं एकमत झालं ते तेवढंच.

सुनेने पर्स टेबलावर आपटली. "स्पष्टच बोलते. मला त्या गोष्टी नकोत. टॅबवर नकोत आणि तुमच्या तोंडून पण नकोत. पोरांना कढईत उकळणारी बाई! भिंगरीला आधीच दातांचं झालंय."

"आता माझ्या तोंडाला पण कुंपण?"

"पाळणाघरात जागा झालीये. महिनाअखेर त्यांना कळवायचंय. घरात चेटकीण बंद होत नसेल, तर बस तिला तिकडेच सोडेल. तुम्हालाही आराम."

"आराम मी मेल्यावर करीन."

पण त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. बस कोपऱ्यावरून न थांबता पुढे जाते आहे, एवढंच दिसत राहिलं. सकाळी उठून मी शेपूट घातली. भिंगरीला सशाची गोष्ट सांगितली. सशाला गाजर मिळालं, त्याने ते वाटून खाल्लं.

"मग?" भिंगरी म्हणाली.

"मग काय. हात धुतले."

"आणि चेटकीण?"

"ती गावाला गेलीये."

भिंगरी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ही बाई कोण, असं.

त्याच आठवड्यात शाळेत त्यांना अनोळखी माणसांविषयी शिकवलं. कुणी खाऊ दिला तर घ्यायचा नाही, कुणी बोलावलं तर जायचं नाही, ताईंना सांगायचं. चांगलं शिकवलं, माझी ना नाही. पण गुरुवारी बस थांबली, मी हात पुढे केला आणि भिंगरी पायरीवरच थबकली. तिने पंजा वर धरला, अगदी टॅबवरच्यासारखा.

"ही अनोळखी व्यक्ती आहे," ती म्हणाली. "आई-बाबांना विचारा."

बसमधल्या ताई हसल्या. "अगं, आजी ना ही तुझी?"

"आजी आहे. पण अनोळखी आहे. आईने लिहिलंय."

ताईंचं हसणं मावळलं. "आजी, राग मानू नका. पण मूल नाही म्हणालं की मला सोडता येत नाही."

"अहो, रोज देता की माझ्या हातात!"

"रोज ती नाही म्हणत नाही ना."

"भिंगरे, बास झाला चावटपणा. उतर खाली!" मी ओरडले. ओरडायला नको होतं. भिंगरी ताईंच्या मागे लपली आणि ताईंनी फोन काढला. चालकाने इंजिन बंद केलं. सगळ्या खिडक्यांना नाकं चिकटली. दुकानदार बाहेर आले. ज्या कोपऱ्यावर मला सगळे 'भिंगरीची आजी' म्हणून ओळखतात, तिथे मी पोरं पळवणारीसारखी उभी. सून टॅक्सीतून उतरेपर्यंत.

ताईंनी तिला विचारलं, "बाई, यांना ओळखता ना?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. सावकाश. हा क्षण तिने पुरवून पुरवून खाल्ला, मी शपथेवर सांगते.

"ओळखते," ती म्हणाली. "चांगलीच."

घरी सोडायला तिला वेळ नव्हता. काम अर्धं टाकून आली होती. टॅक्सीत तिने आम्हा दोघींना कोंबलं आणि ऑफिसात नेलं. वाटेत एकच वाक्य बोलली, "पाळणाघराचं आता काही विचारूच नका."

मी तिचं ऑफिस कधी पाहिलं नव्हतं. भिंगरीला बाहेर रंग-कागद देऊन बसवलं आणि मला काचेच्या दाराआड तिच्या टेबलापाशी नेलं. लांबलचक खोली, पडदे ओढलेले, कानांवर हेडफोन लावलेली माणसं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता. नवा व्हिडिओ लागला की ते पुठ्ठा पडद्यावर धरायचे आणि हळूहळू खाली सरकवायचे. जे काही असेल ते एकदम अंगावर येऊ नये म्हणून. शेजारच्या पोरीने पुठ्ठा अर्ध्यावर आणला, ओठ चावला आणि पुन्हा वर नेला. मग पुन्हा खाली आणला.

"बघावंच लागतं?" मी विचारलं.

"शेवटपर्यंत. तो नियमच आहे. कुठल्या ठिकाणी काय आहे ते लिहिल्याशिवाय 'भीतीदायक' हे कारण देता येत नाही."

मी तिथेच तिला पकडलं. "मग मला 'भीतीदायक' का नाही दिलंस?"

तिने टेबलावरचा पुठ्ठा उगाच सरळ करून ठेवला.

"माझी गोष्ट शेवटपर्यंत बघितलीसच नाही तू! म्हणून ते अनोळखीबिनोळखी चिकटवलंस. मुख्य म्हणे!"

"हळू बोला."

"का बघितली नाहीस?"

"नाही बघवत मला!" तिचा आवाज फुटला. खोलीभर माना वळल्या. तिने दात आवळले आणि आवाज खाली आणला. "लहानपणी आमच्याकडे रेडिओ होता. कपाटावर, माझा हात पोचायचा नाही. तुम्ही हसायला लागलात की मी किंचाळायचे आणि आई येऊन तो बंद करायची. दर आठवड्याला. गादी ओली करायचे मी, शाळेत जायला लागले तरी. आणि मग लग्न ठरलं, तुमच्याकडे आले, तुम्ही दार उघडलंत आणि हसलात. मला वाटलं, पळ."

एवढी वर्षं ही बाई माझ्यासमोर जेवत होती.

"आणि शेवट?" मी म्हणाले.

"कसला शेवट?"

"गोष्टीचा. ऐकलास कधी?"

"सांगितलं ना, आई बंद करायची."

"मग आज बघ. नियम आहे ना तुझा? बघ आणि मग नामंजूर कर."

वाटलं, हाकलून देईल. पण कामाच्या नियमावर बोट ठेवलेलं तिला सहन होत नाही, हा तिचा एक गुण मला माहीत होता. तिने हेडफोन चढवले. पुठ्ठा घेतला, धरला आणि ठेवून दिला. पडद्यावर मी, आवाजाविना. मी डोळे वटारले, बोटं वाकडी केली, तोंड उघडलं. सुनेने टेबलाची कड घट्ट धरली. तिचा दुसरा हात वर उचलला गेला, कपाटावर काही असावं तसा, आणि हवेतच थांबला. पण तिने डोळे मिटले नाहीत. पडद्यावरची मी हसून संपले, घसरले, कढईत पडले, टाळ्या पिटल्या.

तिने हेडफोन काढले. "कढईत पडते?"

"दर वेळी."

"दर वेळी?"

"अगं, मुलांचा कार्यक्रम होता तो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? शेवटपर्यंत ऐकायचं असतं."

"सहा वर्षांची होते मी!" पुन्हा माना वळल्या.

ती पडद्याकडे वळली. कारणांची यादी उघडली, 'अनोळखी व्यक्ती'वरची खूण काढली आणि दुसरीकडे केली. मग हसण्याची जागा शोधून काळजीपूर्वक नोंदवली. मी चष्मा पुसून वाचलं. नामंजूर. कारण : भीतीदायक.

"अजून नामंजूरच?"

"सहा वर्षांच्या मुलांना, हो. नियम सगळ्यांना सारखा."

केंद्रावर मला ना कधी शाल मिळाली ना ढाल. पऱ्यांना मिळाल्या. मी तो शब्द पुन्हा वाचला.

"आधी 'अति' लावता येत नाही का?"

"नाही," सून म्हणाली. "आणि तोंडून सांगाल तेव्हा शेवट आधी सांगायचा. अर्ध्यात थांबायचं नाही."

"शेवट आधी सांगितला तर गोष्ट कसली?"

"मग पाळणाघर."

"आधी सांगीन," मी म्हणाले. मनात म्हटलं, बघू.

घरी आल्यावर तिने माझ्यासमोरच पाळणाघराला फोन केला. "सध्या जागा नको. आजी आहे ना घरी." घरात कुत्रा आहे असं लोक ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी बस थांबली. ताई दारात हात आडवा लावून उभ्या. मी लांबच थांबले. खिडक्यांना कालचीच नाकं.

"काय गं, आज ओळखतेस का यांना?" ताईंनी विचारलं.

"ताई, ते बदललं," भिंगरीने सांगितलं. "ही आता अनोळखी नाहीये. भीतीदायक आहे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. "मग… सोडू?"

भिंगरी पायरीवरून उडी मारून माझ्या हाताला लोंबकळलीसुद्धा. बस निघून गेली.

"आजी, चेटकीण शेवटी कढईत पडते ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. झोपवताना. तिने हसून पण दाखवलं."

मी थांबले. "कसं हसली?"

भिंगरीने विचार केला. "तुझ्यासारखं नाही जमत तिला."

"नाहीच जमायचं," मी म्हणाले.