मुकं बटण

"आजी, शेवटच्या सुराआधी थांबलो तर पब्लिकला वाटंल मी चुकलो," निकेश कीबोर्डची वायर सोडवत म्हणाला.

"वाटू दे. तुझा मास्तर जन्मभर थांबला, त्याचं काय वाकडं झालं?" असं म्हणून सखुबाई स्टेजवरच्या खुर्चीत ऐसपैस बसली.

तुळशीराम मास्तरांना जाऊन महिना झाला होता. रेवदंड्याजवळच्या त्यांच्या गावी आज हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या आसपासच्या सगळ्या बेंजो पार्ट्या त्यांना मानवंदना द्यायला जमल्या होत्या. या पट्ट्यातल्या हळदीत पहिल्यांदा पेटीसारखा, बटणांचा बेंजो वाजवला तो मास्तरांनी. त्याआधी हळद नाचायची ढोलकीवर, आणि लग्नातले धवले गायचे ते सखुबाईसारख्या धवलारणींनी. आता मास्तरांचा बेंजो झेंडूची माळ घालून टेबलावर ठेवला होता.

सखुबाईची सून दिपाली मागून कुजबुजली, "आई, दुखवट्यात धवला म्हणत न्हाईत. लोकं नावं ठेवतील."

"लोकांनी नावं ठेवली न्हाईत असा येक दिस दाखव, मग मी गप बसते."

भर मांडवात व्याह्यांना गाण्यातून चिमटे काढणारी बाई ती, सुनेला काय जुमानणार! बेंजो आला तेव्हा तिने मास्तरांनाही सोडलं नव्हतं. "तुळशा, तुझ्या पेटीनं माझ्या पोटावर पाय दिला," असं चारचौघांत सुनावलं होतं. मास्तर नुसते हसले. पुढच्याच लग्नात त्यांनी तिचाच धवला बेंजोवर धरला, 'मांडवाचे दारी कोन गो आयलं'. सगळी ओळ नीट वाजली आणि शेवटच्या सुराला बेंजो मुका झाला. खाऱ्या वाऱ्याने एक बटण गंजलं होतं. मास्तरांनी मान वाकडी करून, भुवई उडवून सखुबाईकडे पाहिलं. तिचा राग नाकावरच होता, पण अर्धवट लटकलेला सूर तिला ऐकवेना. तिने खणखणीत आवाजात 'आयलं' म्हणून टाकलं, आणि सगळा मांडव नाचायला उठला.

त्यानंतर मास्तरांनी तारा बदलल्या, मोठे स्पीकर आणले, पण ते बटण काही दुरुस्त केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बटण वाजाया लागलं तं सखुबायला बोलवाचं कनाला?" सुपारी द्यायला कुणी आलं की आधी तिचं नाव सांगायचे.

मग मास्तर थकले आणि कीबोर्ड आले. कीबोर्डला मुकं बटण नसतं. ओळ पुरी वाजू लागली आणि सखुबाईला कुणी बोलवेनासं झालं. तिला त्याचं फार वाईट वाटायचं. आज एवढ्या पार्ट्यांसमोर ती ओळ पुन्हा सलग वाजली असती, तर मास्तरांबरोबर तिची जागाही कायमची गेली असती. म्हणून तर ती न बोलावता आली होती आणि थेट स्टेजवर चढली होती.

निकेशने सुरुवात केली. 'कोन गो' वाजलं आणि कबूल केल्याप्रमाणे त्याने बोटं उचलली. सवयीने सखुबाईची नजर माळ घातलेल्या बेंजोकडे गेली होती. मास्तरांनी पाहिल्याशिवाय तिने त्या जागी कधी तोंड उघडलं नव्हतं. आज तिकडून कुणी पाहिलं नाही. जागा तशीच रिकामी गेली. दिपालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी, पुढं जाऊ का?" निकेशने हळूच विचारलं.

"न्हाय. परत घे."

त्याने परत घेतलं. 'मांडवाचे दारी कोन गो' इथवर आला, बोटं उचलली आणि मान वाकडी करून, भुवई उडवून त्याने सखुबाईकडे पाहिलं. अगदी मास्तरांसारखं. बारा गावच्या हळदी त्यांच्या शेजारी बसून वाजवताना ही खोड आपल्याला कधी लागली, हे त्या पोराला ठाऊकही नसेल.

"आयलं!" सखुबाईचा आवाज खणखणीत लागला, आणि पुढच्या ओळीसाठी ती पदर खोचून ताठ बसली. डोळे पुसायला मागाहून वेळ होता.